स्वस्त पाव, झिजलेली यंत्रं : पूर्व जर्मनी का कोसळली?

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात पुण्यातल्या छपाईबद्दल लिहिताना अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या छापखान्यांत आलेल्या पूर्व जर्मन ऑफसेट यंत्रांचा उल्लेख केला होता. त्यावर आलेल्या पत्रांत यंत्रांबद्दल कमी आणि ती बनवणाऱ्या देशाबद्दल जास्त विचारलं गेलं आहे. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. 1970च्या दशकाच्या अखेरीपासून ही यंत्रं उभारणं, चालू करून देणं आणि बिघडली की दुरुस्त करणं हे माझं काम होतं. रानडे इन्स्टिट्यूटच्या वर्गांत जर्मन शिकलो, प्रशिक्षणासाठी लाइपझिग आणि ड्रेस्डेनच्या बाजूला राहिलो, तिथल्या कामगारांच्या घरी जेवलो. तो देश नकाशावरून गेला तेव्हापासून त्याबद्दल जे हाती येईल ते वाचत आलो आहे. त्या आधारावर उत्तरं देतो.

प्रश्न : सकाळी सारसबागेत आमच्या फिरायच्या गटात वाद झाला. एकाचं म्हणणं, पत्रकार परिषदेत एका पुढाऱ्याने चिठ्ठी चुकीची वाचली म्हणून बर्लिनची भिंत पडली. दुसऱ्याचं म्हणणं, अमेरिकेने शस्त्रस्पर्धेत दमवलं. तिसऱ्याच्या मते गोर्बाचेव्हनी आपलाच मित्र देश वाऱ्यावर सोडला. खरं काय? (एक निवृत्त वाचक, सदाशिव पेठ)

चिठ्ठीचा किस्सा खरा आहे. 9 नोव्हेंबर 1989 च्या संध्याकाळी ग्युंटर शाबोव्स्की यांनी प्रवासाचे नवे नियम वाचून दाखवले. ते कधीपासून लागू, असं विचारल्यावर कागद चाळत त्यांनी सांगितलं, माझ्या माहितीप्रमाणे लगेच, ताबडतोब. त्या रात्री लोक नाक्यांवर जमले आणि फाटकं उघडली. नियम खरं तर दुसऱ्या दिवसापासून, रीतसर अर्ज करून, लागू व्हायचे होते. पण तुमच्या मित्रांनी त्याच्या दहा दिवस आधीच्या एका कागदाकडे पाहावं असं मला वाटतं. माझ्या मते त्या देशाचा मृत्यूचा दाखला तोच आहे.

30 ऑक्टोबर 1989 ची तारीख असलेला हा अहवाल नियोजन आयोगाचे प्रमुख गेरहार्ड श्युरर आणि आणखी चौघांनी लिहिला. त्या चौघांत अर्थमंत्री होते, परराष्ट्र व्यापारमंत्री होते, सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते आणि परकीय चलनाचे गुप्त व्यवहार सांभाळणारे शाल्क-गोलोडकोव्स्की होते. म्हणजे देशाचे सगळे आकडे ज्यांच्या हातात असायला हवेत तेच हे लोक. पक्षाचे आणि देशाचे सर्वेसर्वा असलेले एरिक होनेकर यांना पायउतार होऊन दोन आठवडेही झाले नव्हते. नवे प्रमुख एगॉन क्रेन्झ यांनी खरी परिस्थिती लिहून मागितली होती. चाळीस वर्षांत असा कागद मागायची ही जवळजवळ पहिलीच वेळ.

माझ्यासारख्या माणसाची नजर त्यात आधी कर्जावर जात नाही, झिजेवर जाते. उद्योगातली यंत्रसामग्री किती टक्के झिजली आहे याचा हिशेब त्यात दिला आहे. 1975 साली 47.1 टक्के, 1988 साली 53.8 टक्के. बांधकाम क्षेत्रात हाच आकडा 49 वरून 67 वर गेलेला. शेती आणि अन्नप्रक्रियेत 50.2 वरून 61.3 वर. राष्ट्रीय उत्पन्नातला जो वाटा नवी उत्पादक साधनं घेण्यात जायचा तो 1970 साली 16.1 टक्के होता, 1988 साली 9.9 टक्के उरला. कामगारामागे उत्पादन पश्चिम जर्मनीपेक्षा 40 टक्क्यांनी कमी. ज्याने एखादा छापखाना चालवला आहे त्याला यापुढे वेगळं काही सांगावं लागणार नाही. मेंटेनन्स थांबवला की पहिली दोन-तीन वर्षं नफा छान दिसतो.

लाइपझिगच्या एका कारखान्यात मी एक लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र, पाहिली होती. तिच्यावरची पाटी 1938 सालची. चकजवळचा, म्हणजे काम पकडणाऱ्या जबड्याजवळचा, बेड इतका झिजलेला की लांब शाफ्ट कातताना चकच्या बाजूला जाडी वाढायची. तिच्यावरचा कामगार साठीला आलेला. टूल तिथवर पोचलं की तो बघायचाही नाही, हाताच्या अंदाजाने टूल केसभर आत घ्यायचा. शाफ्ट उतरल्यावर मी मायक्रोमीटर लावून पाहिला. वीस मायक्रॉनच्या आत होता. मी विचारलं, नवी लेथ कधी येणार? तो म्हणाला, योजनेत आहे. त्या कारखान्यातला माल पश्चिमेकडे डॉलर आणि मार्कांत विकला जायचा आणि तिथे त्याला नावं ठेवणारा कोणी नव्हता. त्या देशातली माणसं कामात कच्ची होती असं जे म्हटलं जातं त्याचा मला आजही संताप येतो. राडेबॉइलच्या प्लॅनेटा कारखान्याची यंत्रं पुण्यातल्या कितीतरी मुद्रकांनी दोन-दोन पाळ्यांत चालवली. त्यांना विचारा.

मग नवी लेथ का येत नव्हती? पैसा दुसरीकडे जात होता. 1971 साली होनेकर सत्तेवर आले आणि आठव्या पक्ष-अधिवेशनात नवं धोरण ठरलं : लोकांचं राहणीमान आत्ता, दिसेल असं वाढवायचं. त्यामागे भीती होती. 17 जून 1953 ला कामगार रस्त्यावर उतरले होते आणि सोव्हिएत रणगाडे आणावे लागले होते. 1949 ते 1961 या काळात सुमारे 27 लाख माणसं देश सोडून गेली, त्यात डॉक्टर, इंजिनियर आणि तरुण मोठ्या संख्येने होते. 13 ऑगस्ट 1961 ला भिंत घालून ते थांबवलं. पण कोंडलेल्या लोकांना शांत ठेवायला काहीतरी द्यावं लागतं. ते दिलं गेलं भावांमधून. छोटा पाव 5 फेनिग (फेनिग म्हणजे मार्कचा शंभरावा भाग), ट्रामचं तिकीट 20 फेनिग, वर्षानुवर्षं तेच. 1988 साली नुसत्या रोजच्या गरजेच्या वस्तू आणि सेवा स्वस्त ठेवायला सुमारे 50 अब्ज मार्क जात होते.

पाव स्वस्त असण्यात वाईट काय, असं तुम्ही विचाराल. मीही तेव्हा तसंच विचारायचो. ज्यांच्याकडे मी राहिलो ते कुटुंब परसात ससे पाळायचं. ते सशांना पाव घालत. धान्याच्या खाद्यापेक्षा भाजलेला पाव स्वस्त पडायचा. आणखी एक गंमत नव्हे, खरा व्यवहार : बागेत पिकवलेली फळं-भाजी सरकारी दुकान चांगल्या भावाने विकत घ्यायचं आणि ग्राहकाला त्याहून कमी भावात विकायचं. त्यामुळे पुढच्या दाराने विकून मागच्या दाराने पुन्हा घेता येत असे. यात लोकांचा दोष नव्हता. भावच असा सांगत होता की पाव हे जनावराचं खाणं आहे.

घरभाड्यांचं तर पुणेकरांना सांगायलाच नको. पूर्व जर्मनीतल्या जुन्या इमारतींची भाडी 1936 च्या पातळीवर गोठलेली होती. आपल्याकडे 1947 च्या मुंबई भाडे कायद्यानंतर पेठांमधल्या वाड्यांचं काय झालं ते आपण पाहिलं आहे. भाडं इतकं नगण्य की मालक कौलं बदलत नाही, भाडेकरू कशाला बदलेल, आणि एका पावसाळ्यात भिंत बसते. लाइपझिगच्या जुन्या वस्त्यांत मी चालत जायचो तेव्हा पावलागणिक कसबा आणि शनिवार पेठ आठवायची. पन्हळी गळताहेत, वरचे मजले रिकामे, सज्ज्यांखाली फळ्यांचे टेकू. होनेकर सरकारने शहरांबाहेर काँक्रीटच्या पट्ट्या जोडून लाखो नवी घरं बांधली, हे खरं आणि चांगलंही. पण जुनी घरं तितक्याच निवांतपणे पडत होती. श्युररच्या अहवालात लाइपझिग आणि ग्योर्लिट्झची नावं घेऊन लिहिलं आहे की तिथे हजारो घरं राहण्यालायक उरलेली नाहीत.

आता बाहेरच्या जगाकडे येऊ. कॉफी पूर्व जर्मनीत पिकत नाही, आणि जर्मन माणूस कॉफीशिवाय राहत नाही. 1975 साली ब्राझीलमध्ये कडाक्याची थंडी आणि दंव पडून मळे करपले आणि जगात भाव भडकले. सरकारकडे तेवढं परकीय चलन नव्हतं. 1977 मध्ये त्यांनी 'कॉफी मिक्स' आणली : 51 टक्के कॉफी, बाकी वाटाणा, राय, बार्ली असलं काहीबाही. लोकांनी तक्रारींचा पाऊस पाडला. ज्या देशात निवडणुकीत कोणी ब्र काढत नव्हतं तिथे कॉफीवरून सरकार नमलं. मला हा प्रसंग फार बोलका वाटतो. सत्ताधाऱ्यांना कळून चुकलं होतं की त्यांचं लोकांशी असलेलं नातं कपात काय पडतं यावर टिकून आहे.

तेलाचा फटका याहून मोठा. सोव्हिएत तेल स्वस्तात मिळायचं. ते श्वेड्टच्या रिफायनरीत शुद्ध करून त्यातला काही भाग पश्चिमेला विकायचा आणि पश्चिमी मार्क कमवायचे, असा चांगला जम बसला होता. 1981 साली मॉस्कोने कळवलं की वर्षाला 19 दशलक्ष टनांऐवजी 17 च मिळतील. होनेकर यांनी सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांना कळकळून लिहिलं की याने आमच्या देशाचा पायाच हलेल. उपयोग झाला नाही, कारण सोव्हिएत संघालाही स्वतःच्या धान्य-आयातीसाठी तेच तेल डॉलरला विकायचं होतं. मग घरातलं तेल वाचवण्यासाठी पूर्व जर्मनी पुन्हा लिग्नाइट या मातकट कोळशाकडे वळली. वर्षाला सुमारे 30 कोटी टन. बिटरफेल्ड आणि लाइपझिगच्या हवेला एक आंबूस, धुरकट वास असायचा. संध्याकाळी शर्टाची कॉलर काळी. कारखान्यांच्या भट्ट्या तेलावरून कोळशावर आणण्यात जो पैसा गेला त्यातून किती लेथ आल्या असत्या, हा हिशेब मी त्या काळी मनात करायचो. आणि 1986 च्या सुमारास जगातल्या तेलाचे भावच कोसळले, तेव्हा उरलेल्या विक्रीतही राम राहिला नाही.

हे झालं अर्थकारण. पण तोट्यात गेलेले देश सुधारतात, आपणही 1991 मध्ये सुधारलो. पूर्व जर्मनीला ते का जमलं नाही, याचं उत्तर राजकारणात आहे. खरं सांगणाऱ्याला तिथे जागा नव्हती.

1963 मध्ये कारखान्यांना नफ्या-तोट्याचा थोडा विचार करू द्यावा, अशी सुधारणा सुरू झाली होती. ती मांडणाऱ्यांपैकी एक, नियोजन आयोगाचे तेव्हाचे प्रमुख एरिक आपेल, यांनी डिसेंबर 1965 मध्ये आपल्या कार्यालयात स्वतःवर गोळी झाडली. होनेकर आल्यावर सुधारणा गुंडाळली गेली. 1972 मध्ये तोवर उरलेले सुमारे 11 हजार छोटे-मध्यम खासगी आणि अर्धखासगी उद्योग सरकारने ताब्यात घेतले. छपाईच्या धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, मोठ्या यंत्राला लागणारी स्प्रिंग, बुश, खास मापाचा बोल्ट हे सगळं असल्या छोट्या कारखान्यांतून येतं. आपल्याकडे छोट्या कारखान्यांची भोसरी नसती तर पिंपरी-चिंचवडचे मोठे कारखाने चालले असते का? तिथे ती भोसरी एका वर्षात मोडली. पुढे प्रत्येक मोठ्या उद्योगसमूहाने स्वतःचे बोल्ट स्वतः पाडायला सुरुवात केली, आणि वर ग्राहकोपयोगी वस्तूही बनवाव्यात असा हुकूम आला.

1988 मध्ये श्युरर यांनी होनेकर यांना लेखी सुचवलं की कर्ज आवरायला हवं, अनुदानं कमी करायला हवीत, मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सवरची उधळण थांबवून तो पैसा चांगली यंत्रं बनवण्याकडे वळवावा. अर्थकारणाचे सूत्रधार ग्युंटर मिटाग यांनी ते हाणून पाडलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कार्ल झाइस येनाने बनवलेली मेगाबिट चिप होनेकर यांच्या हातात समारंभाने दिली गेली. जपानी कंपन्या तीच चिप तेव्हा लाखोंनी विकत होत्या.

आणि गोर्बाचेव्ह? मॉस्कोत मोकळेपणाचं वारं सुटलं तेव्हा पक्षाचे विचारवंत कुर्ट हागर यांनी 1987 मध्ये एका मुलाखतीत विचारलं, शेजाऱ्याने भिंतीचा कागद बदलला म्हणून आपणही बदलायलाच हवा का? नोव्हेंबर 1988 मध्ये 'स्पुटनिक' या सोव्हिएत मासिकाचं वितरण त्यांनी बंद केलं. मे 1989 च्या स्थानिक निवडणुकीत होकारार्थी मतं 98.85 टक्के जाहीर झाली. या वेळी चर्चशी जोडलेल्या तरुणांनी मतदान केंद्रांवर उभं राहून मोजणी टिपून ठेवली होती. त्यांचे आकडे जुळले नाहीत. मला विचाराल तर तिथून पुढे भीती उतरू लागली. हंगेरीने 11 सप्टेंबरला ऑस्ट्रियाकडची सीमा पूर्व जर्मनांसाठी उघडली, प्रागच्या पश्चिम जर्मन वकिलातीत हजारो लोक शिरले, आणि 9 ऑक्टोबरला लाइपझिगमध्ये निकोलाय चर्चच्या सोमवारच्या प्रार्थनेनंतर सुमारे 70 हजार माणसं चालत निघाली. 'आम्हीच जनता' ही त्यांची घोषणा. गोळी झाडली गेली नाही. तीन लाखांहून अधिक सोव्हिएत सैनिक त्या देशात होते आणि ते बराकीतच राहिले. तुमच्या तिसऱ्या मित्राचं म्हणणं इथवर बरोबर आहे : 1953 मध्ये रणगाडे आले, 1989 मध्ये आले नाहीत. पण मित्राच्या रणगाड्यांशिवाय एक संध्याकाळ उभं राहू न शकणारं राज्य मित्राने सोडल्यामुळे पडलं, असं म्हणणं मला पटत नाही.

अमेरिकेच्या शस्त्रस्पर्धेचं ओझं मुख्यतः मॉस्कोवर होतं. श्युरर यांच्या अहवालात देशाला बुडवणारी गोष्ट क्षेपणास्त्रं नाहीत. खालावलेली गुंतवणूक, अनुदानं आणि कर्ज या आहेत.

प्रश्न : काका, मी अर्थशास्त्र शिकते. एका ठिकाणी वाचलं की पूर्व जर्मनीवर 49 अब्जांचं कर्ज होतं, दुसरीकडे 20 अब्ज. एवढा फरक कसा? आणि देश खरोखर दिवाळखोर होता का? (एक विद्यार्थिनी, कर्वेनगर)

छान पकडलंस. दोन्ही आकडे खऱ्या कागदांतले आहेत. श्युरर यांच्या अहवालात 1970 चं कर्ज 2 अब्ज आणि 1989 चं 49 अब्ज व्हॅल्यूटा मार्क असं दिलं आहे. व्हॅल्यूटा मार्क म्हणजे हिशेबात धरलेला पश्चिम जर्मन मार्क. 1999 मध्ये जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेने, बुंडेसबँकेने, सगळी खाती तपासून सांगितलं की 1989 अखेरचं निव्वळ कर्ज 19.9 अब्ज होतं.

फरक पडला तो गुप्त ठेवींमुळे. शाल्क-गोलोडकोव्स्की यांचा विभाग नियोजनाच्या कक्षेबाहेर होता. शस्त्रं विकणं, पुराणवस्तू विकणं, पश्चिमेच्या मालाची खास दुकानं, असे त्याचे मार्ग. राजकीय कैदी पश्चिम जर्मनीला पैसे घेऊन सोपवण्याचे व्यवहारही त्याच विभागामार्फत चालत. 1963 पासून सुमारे 33 हजार कैदी असे सोडले गेले. माणसं विकून चलन आणणारं राज्य, याहून जास्त लिहिण्याची माझी इच्छा नाही. तर या विभागाचा साठा कर्जातून वजा करायला हवा होता, पण नियोजन आयोगाच्या प्रमुखालाच तो पूर्ण माहीत नव्हता. शाल्क स्वतः त्या अहवालावर सही करणाऱ्यांत होते, तरी त्यांनी तो सांगितला नाही.

म्हणून दिवाळखोरीचं उत्तर असं : हप्ता चुकला नव्हता. 1983 साली पश्चिम जर्मनीतल्या बव्हेरिया राज्याचे मुख्यमंत्री फ्रान्झ योझेफ श्ट्राउस यांनी मध्यस्थी करून 1 अब्ज मार्कांचं कर्ज मिळवून दिलं, पुढच्या वर्षी आणखी 95 कोटींचं, आणि बाजारात पत टिकली. पण अहवालातलं एक वाक्य तू तुझ्या वहीत लिहून ठेव. कर्ज वाढणं नुसतं थांबवायचं तर 1990 मध्ये राहणीमान 25 ते 30 टक्क्यांनी खाली आणावं लागेल आणि तसं केलं तर देशावर राज्य करता येणार नाही, असं त्यांनीच लिहिलं आहे. आकडा चुकीचा असला तरी सत्ताधाऱ्यांनी तो खरा मानला. क्रेन्झ 1 नोव्हेंबरला मॉस्कोला गेले आणि तो आकडा गोर्बाचेव्ह यांच्यापुढे ठेवला. गोर्बाचेव्ह यांना धक्का बसला, पैसा मात्र मिळाला नाही. खोटं बोलून सवय झालेल्या व्यवस्थेत शेवटी स्वतःची शिल्लकही कोणाला ठाऊक नव्हती.

उत्पादनाची खरी किंमत पाहायची असेल तर आणखी एक आकडा बघ. 1980च्या दशकाच्या अखेरीस निर्यातीतून 1 पश्चिमी मार्क कमवायला देशातले सरासरी 4.40 मार्क खर्च होत होते. पुढच्या प्रश्नात हा आकडा लागणार आहे.

प्रश्न : आपण एकतर्फी लिहाल अशी शंका आहे म्हणून विचारतो. तिथे प्रत्येकाला काम होतं, पाळणाघर होतं, घर होतं. एकीकरणानंतर कारखाने बंद पडले, लाखो बेकार झाले. मग देशाला कोणी मारलं, समाजवादाने की भांडवलशाहीने? (एक निवृत्त कामगार, भोसरी)

तुमचा प्रश्न मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, म्हणून दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवतो. राज्य कोसळलं 1989 मध्ये. कारखाने कोसळले 1990 नंतर. दुसऱ्या कोसळण्याची बरीच कारणं पहिल्यात असली तरी सगळी नाहीत.

तुम्ही म्हणता ते खरं आहे. सुमारे 90 टक्के बायका कामावर किंवा शिक्षणात होत्या, मूल वर्षाचं झालं की पाळणाघरात जागा मिळे. ज्या बाईने मला रंगांच्या रजिस्ट्रेशनचं, म्हणजे छापताना रंग एकावर एक अचूक बसवण्याचं, बारीक काम शिकवलं ती तीन मुलांची आई होती आणि विभागाची प्रमुख होती. त्या वेळच्या पुण्यात यंत्रावर बाई मी पाहिली नव्हती. आजारपणात पगार, दुपारचं गरम जेवण, कारखान्याचं विश्रामगृह. हे तिथल्या लोकांनी कष्टाने उभं केलं होतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

1 जुलै 1990 ला पश्चिमेचा मार्क पूर्वेत लागू झाला. पगार एकास एक बदलले. वर सांगितलेला 4.40 चा आकडा आठवा. एका रात्रीत पूर्वेचा माल जगाच्या बाजारात काही पटींनी महाग झाला. सोव्हिएत संघासारखे जुने गिऱ्हाईक मार्कांत पैसे देऊ शकत नव्हते. आपला भारतही त्यातलाच. आपण यंत्रांचे पैसे रुपयांत चुकते करायचो आणि त्या रुपयांतून त्यांना भारतीय मालच घेता यायचा. ती सोय संपली. शिवाय पूर्वेतल्या लोकांनीच आपला माल टाकून पश्चिमेचा उचलला, वर्षानुवर्षं वाट पाहिलेली ट्राबांट गाडी रस्त्याच्या कडेला सोडून दिली. सगळे सरकारी उद्योग ते खासगी हातांत देण्यासाठी नेमलेल्या ट्रॉइहांड या संस्थेकडे गेले. तिथे सुरुवातीला सुमारे 40 लाख नोकऱ्या होत्या, 1994 अखेर संस्था बंद झाली तोवर त्यातल्या अंदाजे 15 लाख उरल्या. घाईने विकलेल्या कारखान्यांत काही नक्कीच वाचवण्यासारखे होते. मला ओळखणारे दोन फिटर पन्नाशीत घरी बसले आणि पुन्हा कधी कारखान्यात गेले नाहीत. त्यांच्या पत्रांत राग होता आणि तो मला रास्त वाटला. राडेबॉइलला मात्र छपाई यंत्रं आजही बनतात, पश्चिमेच्या क्योनिग अँड बाउअर कंपनीच्या नावाने. कारागिरी टिकते, तिला हत्यारं आणि बाजार मिळाला तर.

एकास एक हा दर कोणी मागितला तेही सांगायला हवं. लोकांनीच मागितला. मार्क आला नाही तर आम्ही मार्ककडे जाऊ, असं ते मोर्च्यांत म्हणत होते, आणि एकट्या 1989 मध्ये सुमारे 3 लाख 44 हजार माणसं पश्चिमेला गेलेली होती. 18 मार्च 1990 च्या पहिल्या खुल्या निवडणुकीत 93 टक्के मतदान झालं आणि लवकर एकीकरण मागणारी आघाडी जिंकली. चाळीस वर्षं ज्यांना कोणी विचारलं नव्हतं त्यांनी दिलेलं हे उत्तर आहे. ते अर्थशास्त्राच्या दृष्टीने महागात पडलं, तरी ते त्यांचं होतं. कामगारांच्या नावाने चालणाऱ्या राज्यात कामगाराला संप करता येत नव्हता, हे तुम्ही कामगार चळवळीतले असाल तर माझ्यापेक्षा जास्त जाणाल.

प्रश्न : गुप्त पोलीस इतके बलाढ्य होते, मग त्यांना हे येताना दिसलं नाही? (एक वाचक, चिंचवड)

दिसलं. श्टाझीत 1989 मध्ये सुमारे 91 हजार पूर्णवेळ नोकर होते, देशाची लोकसंख्या दीड कोटीच्या थोडी वर. लोक रांगेत काय बोलतात, कुठले सुटे भाग मिळत नाहीत, डॉक्टर का पळून जातात, याचे अहवाल ते वरपर्यंत पाठवत होते आणि त्यातले बरेच अचूक होते. पण वरच्यांना त्यावर करता येण्यासारखं जे होतं ते करायचं नव्हतं. ड्रेस्डेनच्या खोऱ्यात पश्चिमेचा टीव्ही दिसत नसे, तिथे लोक समाधानी असतील असा समज होता. देश सोडण्याचे अर्ज त्याच भागातून तुलनेने जास्त येत.

प्रश्न : चीनमध्ये कम्युनिस्ट पक्ष टिकला. पूर्व जर्मनीने तसाच बाजार खुला केला असता तर? (एक वाचक, औंध)

याचं उत्तर त्यांच्याच ओटो राइनहोल्ड या पक्ष-अभ्यासकाने ऑगस्ट 1989 मध्ये रेडिओवर दिलं होतं. त्यांचा मुद्दा असा : पोलंड किंवा हंगेरीने समाजवाद सोडला तरी पोलंड पोलंडच राहील आणि हंगेरी हंगेरीच. पण भांडवलशाही पश्चिम जर्मनीच्या शेजारी आणखी एक भांडवलशाही जर्मनी कशाला हवी? चीनमधल्या शेतकऱ्याला पलीकडे आपोआप नागरिकत्व देणारा दुसरा, श्रीमंत चीन नव्हता. पूर्व जर्मन माणूस सीमा ओलांडला की त्याच दिवशी पश्चिमेचा नागरिक. त्यामुळे सुधारणा केली तर देशाचं कारण संपतं आणि न केली तर देशाचा पैसा संपतो, अशा कोंडीत ते होते. होनेकर यांनी दुसरा रस्ता निवडला.

रुपयातल्या व्यापाराबद्दल आणि पुण्यात आलेल्या त्या यंत्रांच्या सुट्या भागांचं पुढे काय झालं याबद्दल आलेली पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवली आहेत.